बिस्किटांच्या डब्यातले तीन व्हॉल्व्ह

मी, हेदर रोझ रेबोल्ड, वय वर्षे सत्तेचाळीस, अविवाहित, व्यवसाय गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणे, राहणार नेदरटन, डडली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या विचाराने लिहीत आहे. ‘पूर्ण शुद्धीत’ हे शब्द मी डॉक्टरांना विचारून लिहिले. मार्च महिन्यात एका उघड्या अ‍ॅम्पमधून मला साडेचारशे व्होल्टचा धक्का बसला, तेव्हा काही क्षण मी शुद्धीत नव्हते. त्यानंतर आहे. याआधीचे माझे मृत्युपत्र १९९९ सालचे. त्यात मी सगळे काही एका माणसाला दिले होते, ज्याचे आडनाव आज मला पटकन आठवले नाही. ते रद्द.

वकीलबाई मिसेस ओकली म्हणाल्या होत्या, “छापील नमुना भरा, अर्ध्या तासाचं काम आहे.” मला अकरा दिवस लागले. नमुन्यात मालमत्तेसाठी जागा होती, कारणांसाठी नव्हती.

कलम एक. राहते घर आणि त्याला लागून असलेली कामाची खोली माझी धाकटी बहीण जिलियन हिला मिळावी. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती घर विकेल, हे मला माहीत आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. ती आली की दारातच म्हणते, “तुझ्या घरात पाऊल टाकलं की केसांना वितळलेल्या कथलाचा वास लागतो, हेदर. दोनदा न्हायलं तरी जात नाही.” तिने विकण्याआधी एकदा रंग मात्र द्यावा. वासासाठी नव्हे. बाबांनी भिंतीवर लिहिलेले आकडे परक्या माणसाने वाचू नयेत म्हणून.

कलम दोन. बँकेतली शिल्लक दोन भागांत वाटावी. एक भाग जिलियनला. दुसरा भाग रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांच्या मदतनिधीला, कारण मार्चमध्ये त्यांच्यातल्या एका बाईने मला जमिनीवरून उठवले आणि विचारले, “दुसरा हात कुठे होता?” तिचा भाऊ वीजतंत्री आहे म्हणे. आमच्या कामात नियम असा की अ‍ॅम्प उघडा असेल आणि चालू असेल, तर डावा हात खिशात. वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते, आणि वाटेत छाती असते. बाबांनी माझ्या पहिल्या एप्रनला एकच खिसा शिवला होता, डावीकडे. बावीस वर्षांत मी तो नियम एकदा मोडला. का मोडला, ते कलम पाचमध्ये येईल.

कलम तीन. बाबांचे व्हॉल्व्ह तपासण्याचे यंत्र वुल्व्हरहॅम्प्टनचे माल्कम डाउन्स यांना द्यावे. बाबा, म्हणजे रोनाल्ड रेबोल्ड, ज्यांना सगळे रॉन म्हणत, इथल्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओत असत तसल्या काचेच्या दिव्यांच्या, कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होते. १९८१ साली कारखाना बंद झाला तेव्हा ते यंत्र आणि शेवटच्या मालातली एक पेटी घेऊन ते घरी आले. माल्कम माझ्यासारखेच अ‍ॅम्प दुरुस्त करतात आणि माझे म्हणणे त्यांना कधीच पटलेले नाही. यंत्र त्यांना देण्यात थोडा आकस आहे, हे कबूल करते. त्यांना ते वापरावे लागावे, अशी माझी इच्छा आहे.

आमचा वाद असा. हे जे जोरकस, करकरीत, फाटलेल्या आवाजाचे अ‍ॅम्प असतात, ज्यांवर आमच्या भागातली मुले चाळीस वर्षे वाजवत आली, त्यांत आवाज आधी पुढच्या छोट्या व्हॉल्व्हमधून जातो आणि तिथेच फाटतो. मग तो मागच्या चार मोठ्या व्हॉल्व्हकडे येतो, जे त्याला ताकद देऊन स्पीकरकडे ढकलतात. प्रश्न हा की ते मोठे व्हॉल्व्ह कोणते निवडायचे, आणि निवडीने खरोखर काही फरक पडतो का.

माल्कम म्हणतात, “अगं बाई, पुढच्या व्हॉल्व्हनी त्या बिचाऱ्या सुराचा आधीच चुरा केलेला असतो. चुरा कुठल्या पिशवीत भरायचा यावर तू वीस वर्षं भांडतेस.”

मी म्हणते, “पिशवी फाटकी असली की कळतं, माल्कम.”

“मग फाटकी विकू नकोस. संपलं.”

संपले नाही. म्हणून कलम चार.

कलम चार. माझ्या नऊ वह्या, ‘ऐकण्याच्या चाचण्या’ असे लिहिलेल्या, त्याही माल्कमनाच द्याव्यात. मी बर्मिंगहॅमला भौतिकशास्त्र शिकले, आणि काउंटरवर उभी राहून गिऱ्हाइकांना जे सांगत होते ते मलाच तपासून बघावेसे वाटू लागले. मी सांगत असे की ईएल-३४ प्रकारचे व्हॉल्व्ह लावलात तर मधला आवाज पुढे येईल, करकर वाढेल. ६एल६ लावलात तर खालचा सूर भरीव आणि वरचा स्वच्छ, पण मधे थोडे पोकळ. केटी-८८ कितीही दाबा, वाकणार नाही, आवाज दगडासारखा. लोक मान डोलवत. मीही डोलवत असे.

मग मी पडद्याआड अ‍ॅम्प ठेवून एकसष्ट लोकांना ऐकवले. प्रकार बदलला तर निम्म्याहून अधिक लोकांना कळले. तोच प्रकार ठेवून फक्त कारखाना बदलला, जुन्याच्या जागी नवा लावला, तर जवळजवळ कोणालाच कळले नाही. एक गोष्ट मात्र मला अजून उलगडलेली नाही: समोर बसून ऐकणाऱ्यापेक्षा स्वतः वाजवणाऱ्याची उत्तरे जास्त वेळा बरोबर येत. कानाला न कळणारे बोटांना कसे कळते? वही सात, पान तीसपासून पुढे. माल्कमनी उत्तर शोधावे. मी गेलेली असले तरी मला उत्सुकता असेल असे समजावे.

वहीतून मी एवढेच शिकले की व्हॉल्व्ह निवडायच्या आधी माणसाला विचारावे: कुठे वाजवतोस, किती जोरात? मोठे व्हॉल्व्ह घाम गाळेपर्यंत अ‍ॅम्प चढवला तरच ते बोलू लागतात. दिवाणखान्यात हळू वाजवणाऱ्याच्या गळ्यात महागडे चार व्हॉल्व्ह मारणे मी पाप समजते. मी ते तीनदा केले आहे. नावे वही दोनमध्ये आहेत.

कलम पाच. हे लिहायला अकरापैकी सात दिवस गेले.

क्लाइव्ह टिबेट्स हा माझ्या वडिलांचा मित्र, आता माझा. तो कोल्ड फर्नेस या बँडमध्ये गिटार वाजवतो, वय सहासष्ट. १९८४ साली त्याने शंभर वॅटचा एक जुना अ‍ॅम्प आणला, आणि बाबांनी त्या पेटीतले चार ईएल-३४ निवडून त्यात बसवले. सारख्या ताकदीचे चार शोधायला त्यांना एक आख्खा रविवार लागला होता. मी सात वर्षांची होते, टेबलाखाली बसून हाक मारल्यावर व्हॉल्व्ह देत होते. प्रत्येकाच्या तळाच्या काळ्या टोपीवर त्यांनी पांढऱ्या मेणपेन्सिलीने आकडे लिहिले: १७, २२, ४१, ५८. तेव्हापासून क्लाइव्ह कार्यक्रमाच्या मध्यावर अ‍ॅम्पवर हात ठेवून सांगतो, “हे चार रॉन रेबोल्डने निवडलेत. असे पुन्हा होणार नाहीत.”

ऑक्टोबर २००९ मध्ये बाबा गेले. दफनानंतर कामगारांच्या क्लबात क्लाइव्ह वाजवणार होता, म्हणून आदल्या दिवशी त्याने अ‍ॅम्प माझ्याकडे दिला. मी उघडला तर एका व्हॉल्व्हच्या डोक्यावरचा चांदीसारखा मुलामा दुधासारखा पांढरा पडलेला. आत हवा शिरली की असे होते, आणि मग तो व्हॉल्व्ह मेलेला असतो. पेटी केव्हाच संपली होती. एकच बदलून भागत नाही, चारही सारखे लागतात. मी नवे, परदेशी, कपाटातले चार लावले. मग बाबांची मेणपेन्सिल घेतली आणि त्यांच्याच वळणात १७, २२, ४१, ५८ लिहिले. उरलेले तीन जुने बिस्किटांच्या डब्यात ठेवले.

क्लबात क्लाइव्हने पहिला सूर छेडला, थांबला, आणि माझ्याकडे येऊन माझा दंड धरून म्हणाला, “ऐकलंस? हा तुझा बाप आहे.”

त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी तो अ‍ॅम्प घेऊन आला. दर वेळी मी चार नवे लावले आणि तेच आकडे लिहिले. सहा वेळा.

गेली पंधरा वर्षे मी स्वतःला सांगत आले की हे मी दयेपोटी केले. हे कलम लिहिण्याआधी मी त्या दिवसाची डायरी काढली. त्यात दयेबद्दल एक अक्षर नाही. तिथे लिहिले आहे: ‘प्रश्न: क.ला कळेल का?’ आणि खाली दुसऱ्या दिवशीच्या शाईत: ‘नाही.’ बापाच्या दफनाच्या दिवशी मी बापाच्या मित्रावर चाचणी घेतली. दयाही असेल. पण ती मी लिहून ठेवलेली नाही, आणि जे लिहिलेले नाही त्यावर मी विसंबू शकत नाही.

मार्चमध्ये त्याचाच अ‍ॅम्प टेबलावर उघडा होता. या वेळी सांगून टाकावे का, याचा विचार करत होते. विचारात डावा हात खिशातून बाहेर आला.

कलम सहा. ते तीन व्हॉल्व्ह क्लाइव्हला द्यायचे ठरवून मी गेल्या आठवड्यात डबा उघडला. मृत्युपत्रात वस्तूचे वर्णन नेमके असावे, म्हणून काचा स्पिरिटने पुसल्या. बाबांच्या कारखान्याचे छापील नाव बोळ्याबरोबर निघून आले. छाप पुसला जाणे नवीन नाही. पण काचेच्या तळाशी जो बारीक कोड कोरलेला असतो तो पुसला जात नाही, आणि तो आमच्या कारखान्याचा नव्हता. परदेशी होता, १९८८ सालचा. आमचा कारखाना त्याच्या सात वर्षे आधी बंद झाला होता. तिन्हींवर आकडे मात्र बाबांच्या हातचे, खरेखुरे: १७, ४१, ५८.

म्हणजे मी जे केले ते बाबांनी माझ्या आधी केले होते. छापसुद्धा उठवला होता, तेवढे मला सुचले नव्हते. किती वेळा केले, कळायला मार्ग नाही. का केले, तेही नाही. त्यांनी डायरी ठेवली नाही. मला वडिलांचा राग यायला हवा होता. मला त्यांना विचारायचे होते, ‘बाबा, छाप कशाने उठवलात?’

मेलेल्या माणसाची लबाडी उघडी करायचा मला हक्क आहे का? यावर दोन दिवस गेले. माझी लपवली तर त्यांची सांगता येणार नाही. माझी सांगितली तर त्यांची लपवता येणार नाही. शेवटी असे ठरवले की क्लाइव्हला दोन्ही वाचायला मिळावे, पण मी गेल्यावर. हा भित्रेपणा आहे का? आहे.

कलम सात. सदर तीन व्हॉल्व्ह, आणि अ‍ॅम्पची मापे लिहिलेली बाबांची निळी वही, क्लाइव्ह आर्थर टिबेट्स याला मिळावी.

कलम आठ. हे कलम मूळ मसुद्यात नव्हते. आज सकाळी घडले त्यावरून लिहीत आहे.

आज अकरा वाजता क्लाइव्ह अ‍ॅम्प न्यायला आला. मी चहा टाकायला आत गेले आणि हे कागद टेबलावर राहिले. राहिले की ठेवले, याची मला खात्री देता येत नाही. परत आले तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून तो दुसऱ्यांदा वाचत होता.

“मी पंधरा वर्षं स्टेजवरून लोकांना खोटं सांगत होतो,” तो म्हणाला. “आणि तू मागे भिंतीला टेकून ऐकत होतीस.”

“हो.”

“हसायचीस?”

“नाही. कोणत्या सुराला काय होतंय ते बघायचे.”

“हसली असतीस तर बरं होतं.”

चहा न घेता तो बाहेर गेला. कालव्याच्या कडेने चालत जाताना मला खिडकीतून दिसला, मग दिसेनासा झाला. अ‍ॅम्प तसाच होता, म्हणून परत येईल असे वाटत होते. अ‍ॅम्पशिवायही जाईल असेही वाटत होते. पाऊण तासाने तो आला, हातात शेजारच्या दुकानातल्या नारिंगी चिप्सचे, म्हणजे आमच्याकडच्या पीठ लावून तळलेल्या बटाट्याच्या फोडींचे, पुडके घेऊन. ते त्याने मधे ठेवले नाही, स्वतःच्या बाजूला ठेवले.

“रॉनने मला कधी बनवलं असेल?”

“अठ्ठ्याऐंशीनंतर कधीतरी.”

“म्हणजे पहिली चार वर्षं खरी.”

“बहुतेक.”

“मग मी एवढी वर्षं ऐकत काय होतो, हेदर? तू शिकलेली आहेस ना? सांग. काहीतरी होतं. मी बहिरा नाही.”

“मला माहीत नाही.”

“मग बघ. तोंड काय बघतेस? अ‍ॅम्प उघड.”

जुने तीनच आहेत, आणि अ‍ॅम्पला चार लागतात. पण मागचा स्पीकरचा खटका बदलला तर तो दोनांवरही चालतो. मी जुन्यांतले दोन आणि नव्यांतले दोन घेतले. क्लाइव्ह भिंतीकडे तोंड करून वाजवायला बसला. मी फडक्याने गरम व्हॉल्व्ह काढत होते, दुसरे लावत होते, आणि विश्रांतीचा प्रवाह दर वेळी सारखा करत होते. गिटार गप्प असतानाही प्रत्येक व्हॉल्व्हमधून थोडी वीज वाहत राहते. ती किती असावी हे आतल्या एका स्क्रूने ठरवतात. डावा हात खिशात होता. पहिल्या फेरीआधी वळून ते पाहताना क्लाइव्हला हसू आले नाही, पण तो म्हणाला, “उशिरा शहाणपण.”

सहा फेऱ्या झाल्या. सहापैकी चार त्याने बरोबर ओळखल्या.

“चार,” तो म्हणाला. “बघितलंस?”

“नाणं उडवलं तरी सहापैकी चार येऊ शकतात.”

“तू माणसाला एक घास सुखाने खाऊ देत नाहीस.”

सातव्या फेरीत मी व्हॉल्व्ह बदललेच नाहीत. बाबांची निळी वही समोर उघडी होती. पुस्तकातला हिशेब या अ‍ॅम्पला विश्रांतीचा प्रवाह अडतीस मिलिअँपिअर सांगतो. बाबांनी दर पानावर क्लाइव्हच्या नावापुढे एकतीस लिहिले आहे, कमी, थंड, कुठलेही कारण न देता. आणि मी पंधरा वर्षे कारण न विचारता एकतीसच ठेवत आले. या फेरीत मी काही न बोलता स्क्रू फिरवला आणि अडतीस केले.

त्याने एक सूर छेडला आणि लगेच तारांवर हात ठेवला.

“हे कुठले लावलेस? काढ.”

“काय झालं?”

“फुगलंय. लोण्यासारखं पसरतंय. हा रॉन नाही.”

मी परत एकतीस केले. त्याने तोच सूर लावला, आणि यावेळी हात न ठेवता तो पूर्ण विरू दिला.

“हा,” तो म्हणाला. “हा आहे.”

मी त्याला सांगितले, मधे काय केले ते. ते ऐकून त्याने वाकून स्क्रू पाहिला आणि परत भिंतीकडे वळला. मी अजून तीन वेळा केले, मधेच फसवून, आकडा न बदलता फक्त पाठीमागे खुडबुड करून. तो एकदाही चुकला नाही. चार फेऱ्या ही मोठी चाचणी नव्हे, वाजवणारा एक, अ‍ॅम्प एक. तरी वही दहा सुरू करून मी ती लिहून ठेवली आहे, आणि तीही माल्कमना द्यावी.

“म्हणजे रॉन त्या काचेच्या बाटल्यांत नव्हताच,” क्लाइव्ह म्हणाला. “स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्यात होता.”

“एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही.”

“मी म्हणतो. तू नको म्हणू.” मग पुडके त्याने मधे सरकवले. चिप्स गार झाल्या होत्या. “मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. पंधरा वर्षं आहेत ती.”

“नाही समजत.”

“स्टेजवर काय सांगायचं ते मी बघतो. तू मधे पडू नकोस.”

इतक्यात शेजारच्या चिप्सच्या दुकानाच्या मालकीण जसविंदर संधू आल्या. मी त्यांना साक्षीला बोलावले होते. दुसरे साक्षीदार पोस्टातले गृहस्थ येणार होते, त्यांचे पाठदुखीचे निमित्त झाले.

“सोमवारी करू,” मी म्हणाले.

“मी आहे ना,” क्लाइव्ह म्हणाला.

मी त्याला समजावले की आमच्या कायद्याप्रमाणे जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. मृत्युपत्र टिकते, त्याचा हिस्सा जातो. कलम सात त्याच्यापुरते रद्द होईल आणि व्हॉल्व्ह व वही उरलेल्या मालमत्तेबरोबर जिलियनकडे जातील.

“जिलियन त्या काचांत फुलं खोचेल,” जसविंदर म्हणाल्या. “दोन दिवस थांबायला काय होतंय? कोणी मरतंय का?”

“मागे मरता मरता राहिलीये,” क्लाइव्ह म्हणाला. “आणि मेलेल्याकडून मिळालं म्हणून एवढी वर्षं मिरवलं, ते बघितलंत ना कुठे आलं. जे द्यायचंय ते तिनं जिवंतपणी द्यावं. तो एकतीसचा आकडा मी आत्ता घेतला. बाकीचं मला नको. पेन द्या.”

हे रागाने की मायेने, मी विचारले. तो म्हणाला, “ते वहीत लिहू नकोस,” म्हणून मृत्युपत्रात लिहीत आहे.

कलम सात मी खोडलेले नाही. ते माझी इच्छा म्हणून राहावे, जरी त्याने ती नाकारली तरी.

वरील सर्व मी माझ्या हाताने लिहिले व वाचून पाहिले. खालच्या दोघांच्या समक्ष मी सही केली. त्यांनी माझ्या व एकमेकांच्या समक्ष केली. सहीच्या वेळी अ‍ॅम्प बंद होता.

हेदर रोझ रेबोल्ड

साक्षीदार:

जसविंदर कौर संधू, दुकानदार, नेदरटन

क्लाइव्ह आर्थर टिबेट्स, गिटारवादक, डडली. कलम सात वाचून, सहीचा परिणाम समजून.

नेदरटन, शनिवार, ८ जून २०२४